ल्युसिंडा विल्यम्स: सुरुवात ८८च्या अल्बमपासून की ९८च्या?

ल्युसिंडा विल्यम्स या अमेरिकन गायिकेचं एखाददुसरं गाणं कानावर पडलं, बाईचा आवाज डोक्यातून जाईना, आणि आता पुढे काय ऐकायचं असा प्रश्न पडलाय, अशांसाठी हे लिहितोय. तिचं गाणं आल्ट-कंट्रीत मोडतं, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीत आणि रॉक यांची सरमिसळ, एवढं ठाऊक असलं की पुरे.

कुणालाही विचारलंत तरी उत्तर एकच येतं: १९९८चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. उत्तर चुकीचं नाही. त्याला ग्रॅमी मिळालं, समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि ते सगळं रास्तच होतं. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९८८ला, नुसतं तिचंच नाव असलेला एक अल्बम निघाला होता. नवख्या माणसानं आधी कुठला ऐकावा एवढ्यापुरतंच बोलायचं, तर माझा कल तिकडे आहे. मतभेद असू शकतात, असावेतही.

आधी ९८बद्दल, कारण त्याचं पारडं मुळातच जड आहे. हा अल्बम बनायला वर्षं लागली. ऑस्टिनमध्ये तिचा जुना गिटारवादक गर्फ मॉर्लिक्स याच्याबरोबर एकदा रेकॉर्डिंग झालं, ते तिला पटलं नाही. मग कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलला स्टीव्ह अर्ल आणि रे केनेडी या निर्मात्यांबरोबर नव्यानं मांडामांड, आणि शेवटचा हात फिरवला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधल्या रॉय बिटननं. मॉर्लिक्सची साथ यात कायमची सुटली. एवढी ओढाताण होऊनही ऐकताना कुठे टाका दिसत नाही. 'ड्रंकन एंजल' हे ऑस्टिनमध्ये १९८९ला गोळी लागून गेलेल्या ब्लेझ फोली या गीतकारावरचं गाणं. तो कोण होता हे माहीत नसलं तरी ते लागतं, माहीत झालं की जास्त लागतं. शेवटचं 'जॅक्सन' तर मी अजूनही दुसरं काही करत असताना लावत नाही.

मग अडलं कुठे? शब्दांपाशी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ल्युसिंडा ओळीचं शेपूट गिळायला लागली होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल, त्यात स्वर लांबवून शेवटचा शब्द अर्धवट सोडून द्यायची लकब. अमेरिकन कानाला यातच गंमत वाटत असणार. माझं इंग्रजी वाचून आलेलं. त्यामुळे मी काय करायचो, तर फोनवर शब्द उघडून ऐकायचो. दोन ठिकाणी पाहिलं तर दोन पाठ, म्हणजे तिथेही भरवसा नाही. आणि खरा वैताग त्याच्या पुढचा: डोळे गळ्याच्या पुढे धावतात. ती ओळ म्हणायच्या आधीच आपण वाचून मोकळे होतो, आणि ज्या शब्दावर ती क्षणभर थांबते त्या थांबण्याला काही अर्थच उरत नाही. 'टू कूल टू बी फरगॉटन' या गाण्यात मिसिसिपीतल्या रोझडेलच्या एका गुत्त्याच्या भिंतीवरची नावं, पाट्या, खरडलेली वाक्यं एकामागून एक येतात. बर्नी आइम्स या छायाचित्रकाराच्या फोटोंवरून ते सुचलंय. सुंदर गाणं, पण पहिल्यांदा ऐकताना मी गुत्त्यात नव्हतोच, मी परीक्षेला बसलो होतो.

८८च्या अल्बममध्ये ही भानगड नाही. आवाज तोच, पण शब्द सुटे आणि स्वच्छ. 'चेंज्ड द लॉक्स' घ्या. ज्याला सोडून आली त्या माणसानं आपल्याला गाठू नये म्हणून बाई दाराचं कुलूप बदलते. मग फोन नंबर. मग गाडी, मग कपडे. इथवर ठीक आहे. पुढे ती आगगाडीखालचे रूळ बदलते, आणि शेवटी गावाचं नावच बदलून टाकते! प्रत्येक पायरी त्या त्या क्षणी कळते, म्हणूनच आधी हसू येतं आणि मग येईनासं होतं. (रॉक गायक टॉम पेटीनं १९९६ला हे गायलंय, पण तिची मजा त्यात नाही.)

'साइड ऑफ द रोड' त्याहून साधं. नवऱ्याला म्हणा, मित्राला म्हणा, ती सांगते की गाडी जरा बाजूला घे, मला थोडा वेळ एकटीला उभं राहू दे. भांडण नाही, काही नाही. ती शेतात चालत जाते, उंच गवत पायांना घासतं, लांब एक घर दिसतं. आत कोण राहत असेल, सुखी असतील का, ती बाई रात्री केस मोकळे सोडत असेल का, एवढंच तिच्या मनात येतं. हे समजायला मला फोन उघडावा लागला नाही.

हा अल्बम काढला रफ ट्रेड या ब्रिटिश, पंकवाल्यांच्या कंपनीनं. लॉस एंजेलिसच्या कंपन्यांना ल्युसिंडा फार कंट्री वाटली होती आणि नॅशव्हिलच्या कंपन्यांना फार रॉक. त्यातलं 'पॅशनेट किसेस' पुढे कंट्री गायिका मेरी चेपिन कार्पेंटरनं गायलं आणि गीतकार म्हणून ल्युसिंडाला ग्रॅमी मिळालं, तेव्हा कुठे नॅशव्हिलला जाग आली.

८८चे दोष आहेतच. ध्वनी जरा सडपातळ आहे. एखाददोन गाणी नुसती बरी आहेत. तुम्ही रॉककडून येत असाल आणि भरीव आवाज हवा असेल, तर सरळ ९८ लावा, माझं ऐकू नका. दक्षिणेत राहणाऱ्यांनाही माझी अडचण येणार नाही. ह्यूस्टनला असलेल्या माझ्या मावसभावाला 'शब्द गिळते' म्हटल्यावर मी काय म्हणतोय तेच कळेना. ल्युसिंडाचं जन्मगाव लेक चार्ल्स त्याच्या घरापासून गाडीनं अडीच-एक तासांवर आहे, त्याचं बरोबरच आहे.

बाकीच्यांनी ८८नंतर १९९२चा 'स्वीट ओल्ड वर्ल्ड' घ्यावा आणि मग ९८. तोवर तिचा हेल कानात मुरलेला असतो, फोन खिशातच राहतो. २००१चा 'एसेन्स' आणि २००३चा 'वर्ल्ड विदाउट टिअर्स' त्यानंतर. तिथे शब्द गिळणं हीच शैली झालेली आहे आणि तोवर ती आवडायलाही लागते. १९७९चा पहिला अल्बम सगळा दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांचा आहे, तो अगदी शेवटी ऐकला तरी चालेल.

आणि ८८चा लावताना कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या. नंतरच्या आवृत्त्यांत मैफलीतली गाणी मागे जोडलेली आहेत आणि ॲप न विचारता पुढे वाजवत सुटतं. मूळ अल्बम बारा गाण्यांचा, ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या गाण्यापाशी संपतो.