शुद्धलेखन शिकवताना आधी नियम सांगायचा की आधी शब्द गोळा करायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग मिळालेत आणि शुद्धलेखन कुठून सुरू करावं ते ठरत नसेल तर वाटा दोन आहेत. एक, नियम फळ्यावर लिहायचा, चार उदाहरणं द्यायची, सराव घ्यायचा. दुसरी, नियमाचं नाव काढायचं नाही, एका वळणाचे शब्द मुलांकडूनच गोळा करायचे आणि त्यात सारखं काय आहे ते त्यांनाच बोलू द्यायचं. माझं मत आधीच सांगते, वर्ग बघून पद्धत ठरवू नका, नियम बघून ठरवा.

शेवटच्या वेलांटीचं घ्या. मराठीत शब्दाच्या शेवटी दुसरी वेलांटी, दुसरा उकार, म्हणजे पाणी, आजी, लाडू, चाकू. हे कानाला कळतच नाही, शेवटची इ लांब म्हटली काय नि आखूड म्हटली काय अर्थ तोच राहतोय, मग "नीट ऐकून लिही" सांगून उपयोग काय? त्यात आपली पोरं कन्नडही शिकतात आणि तिकडं उलट आहे, नीरु, हालु, हळ्ळि, शेवट बहुतेक ऱ्हस्वच, बसच्या कन्नड पाटीवर पण चिक्कोडि, निप्पाणि, हुक्केरि असंच असतंय, त्यामुळं एखादं मूल मराठीच्या वहीत पाणि लिहितं तेव्हा ते बेफिकीर नसतं, तिकडं बरोबर असलेलं इकडं आणत असतं. लाल पेन उचलायच्या आधी एवढं ध्यानात घ्या. इथं गोल फिरू नका, नियम सरळ सांगा, पहिलीत सांगितला तरी चालतोय, चिकोडी, निपाणी, हुक्केरी मराठीत लिहून दाखवा, आणि अपवाद म्हणून 'आणि' तेवढा भिंतीवर लावा, 'परंतु' वगैरे नंतर बघता येईल.

फूल, दूध, ऊस, मीठ यांचं मात्र वेगळं आहे. "अकारान्त शब्दाचं उपान्त्य अक्षर दीर्घ", म्हणजे अ-नं संपणाऱ्या शब्दात शेवटच्या अक्षराच्या आधीचा इकार-उकार लांब, हे वाक्य सात-आठ वर्षांच्या पोराला काय कळणार, पाठ करून घडाघडा म्हणेल आणि खाली फुल लिहील. पण इथं कान मदत करतोय! ऊस म्हणायला लावा, मग उसाचा म्हणायला लावा, फरक त्यांना लगेच ऐकू येतो. दोन रकाने करा, ऊस-उसाचा, दूध-दुधात, मीठ-मिठाचं, खीर-खिरीत, पुढचे शब्द त्यांनाच आणू द्या, घरातनं, शेतातनं, बाजारातनं. मागं काही जोडलं की आखूड होतंय हे दुसरीतलं पोर स्वतः सांगतंय आणि स्वतः सांगितलेलं विसरत नाही.

वेळ जास्त जातो हे खरं. नियम एका तासात होतो, शब्द गोळा करायला काही आठवडे लागतात आणि तोवर वहीत दाखवायला फारसं नसतं, पालक विचारतात. पण पहिली ते तिसरी एकत्र बसत असतील, नलिकली या कर्नाटकातल्या खेळत शिकायच्या पद्धतीसारखी कार्डं वापरत असाल, तर शब्दगटच बरे पडतात, मोठी मुलं कार्डं लावतात, लहान वाचतात.

गुण, विष, सुख, मंदिर असे संस्कृतातले शब्द दोन्ही पद्धतीत बसत नाहीत, ते डोळ्यासमोर ठेवूनच पक्के होतात. न-ण चंही तसंच, घरी पानी, लोनी, कोन बोलतात, त्यांच्या बोलण्याला चूक म्हणू नका, रोज मोठ्यानं वाचून घ्या.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नि 1972 चे चार असे अठरा नियम आहेत, ते सगळे चौथीपर्यंत उरकायची घाई नको. वरचे दोन हातात बसले की रोजच्या लिखाणातल्या कितीतरी चुका जातात. आणि तपासायला वीस सुटे शब्द घालू नका, श्रुतलेखनात एकच वाक्य द्या, "आजी दुधात साखर आणि तूप घालते", दोन्ही नियम आणि तो 'आणि' पण त्यातच बघून होतो.