मारामारी दिसली पाहिजे: गेल्या तीन-चार वर्षांतले ॲक्शनपट

ॲक्शनपट बघताना एकच प्रश्न मनाशी ठेवावा: आत्ता कोण कुठे आहे? नायक दाराच्या अलीकडे की पलीकडे, समोरचे किती उरले, सुटायची वाट कोणत्या बाजूला. हे कुणी न सांगता कळत असेल तर दिग्दर्शकाने काम केलं आहे. कळत नसेल तर दर अर्ध्या सेकंदाला कट मारून आणि ढोल बडवून आपल्याला गुंगवलं जातंय, असं खुशाल समजावं. या प्रकारात कथा थोडी पातळ असली तरी निभावतं. जागेचा पत्ताच लागत नसेल तर मात्र पैसे वाया.

या कसोटीवर अलीकडच्या हिंदी सिनेमांत ‘किल’ला (२०२४) तोड नाही. निखिल नागेश भट यांचा हा सिनेमा जेमतेम १०५ मिनिटांचा. रांचीहून दिल्लीला निघालेली गाडी, तिच्यात चढलेली दरोडेखोरांची टोळी आणि दोन कमांडो, बस्स. सगळी हाणामारी डब्याच्या बोळात. रेल्वेचा डबा आपल्याला पाठ असतो. बाजूचे बर्थ, पडदे, दोन डब्यांमधला हलणारा जोड, संडासाचं दार, सगळं ओळखीचं. त्यामुळे काहीच समजावून सांगावं लागत नाही. शिवाय बोळ अरुंद असल्यामुळे ॲक्शनपटांचं एक जुनं दुखणं आपोआप बरं होतं. वीस गुंड रिंगण करून उभे आणि एकेकाने पुढे येऊन शिस्तीत मार खायचा, हा प्रकार इथे शक्यच नाही, कारण तिसऱ्याला उभं राहायला जागा नाही. हात मागे खेचून ठोसा मारायला गेलं तर कोपर बर्थवर आपटतं. म्हणून मार अगदी जवळून बसतो: कोपराचा, गुडघ्याचा, चाकूचा, आणि हाताला लागलं तर आग विझवायच्या नळकांड्याचा.

सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते पाऊण तासाच्या आसपास. तोवर नायक समोरच्याला आडवा करून पुढे जात असतो. नाव आल्यावर तो जीव घ्यायला लागतो, आणि हा बदल हाताच्या हालचालींतही दिसतो. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे दरोडेखोर एकाच गोतावळ्यातले आहेत. एखादा मेला की त्याचा काका, भाऊ तिथेच बसून रडतो. गुंडाच्या मरणाला वजन देणारे ॲक्शनपट बोटांवर मोजण्याइतकेच. राघव जुयालने उभा केलेला फणी तर नायकावर कुरघोडी करून जातो.

दोष? शेवटच्या अर्ध्या तासात नायकाला इतके वार बसतात की वाराची भीतीच उरत नाही. बारावा वार पहिल्या वाराइतकाच किरकोळ ठरला की प्रेक्षक सैलावतो. आणि रक्त फार आहे. प्रमाणपत्र ‘ए’ आहे ते उगाच नाही, घरातल्या मुलांना घेऊन बसू नये. याच्या इंग्रजी रिमेकची घोषणा ‘जॉन विक’चे दिग्दर्शक चाड स्टाहेल्स्की यांच्या कंपनीने केली, यात सगळं आलं.

स्टाहेल्स्की स्वतः मुळात स्टंटमन. ‘द मेट्रिक्स’मध्ये कियानू रीव्ह्जच्या (म्हणजे पुढे जॉन विक झालेल्या नटाच्या) जागी मार खाणारा माणूस तो. त्यामुळे ‘जॉन विक: चॅप्टर ४’मध्ये (२०२३) कॅमेरा मागे उभा राहतो, नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो आणि कट उशिरा येतो. हे फक्त तेव्हाच परवडतं जेव्हा नटाने महिनोन्महिने तालीम केलेली असते. तालीम नसली की कॅमेरा जवळ न्यावा लागतो, हलवावा लागतो आणि ठोसा लागायच्या आत कापावा लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या ताऱ्यांच्या मारामाऱ्या डोळ्यांना का बोचतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

यातला पॅरिसच्या पडक्या इमारतीतला प्रसंग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. कॅमेरा छताच्या जागी जातो आणि खालच्या खोल्या नकाशासारख्या उघड्या दिसतात. विक या खोलीत, पलीकडच्या खोलीत तिघे, मधे भिंत; आपल्याला दोन्ही बाजू दिसतात, त्याला नाही. त्यात काडतुसं अशी की गोळी सुटली की आगीचा लोळ उठतो. म्हणजे वरून बघतानाही कुठून कुठे गोळी गेली ते चुकत नाही. पुढे साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या २२२ पायऱ्यांची चढण आहे. ध्येय वर, शत्रू मध्ये, वेळ थोडा. याहून सोपी मांडणी कोणती?

मात्र १६९ मिनिटं हा अत्याचार आहे. ओसाकाचा भाग पंधरा मिनिटांनी छाटला असता तर कुणाचं बिघडलं नसतं. आणि तो गोळी न लागणारा कोट! विक कोटाची बाही तोंडासमोर धरतो आणि गोळ्या झेलतो. एकदा गंमत वाटते, दहाव्यांदा कळतं की गोळीला आता काही अर्थच राहिलेला नाही. बर्लिनच्या क्लबात कुऱ्हाडी चालताहेत आणि शेजारचे लोक नाचताहेत, तेही खटकतं.

जागा समजावण्याचा दुसरा रस्ता म्हणजे आधी नकाशा दाखवणं. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ने (२०२२) तो फार नीट वापरला. दरीतून रडारच्या खाली उडायचं, अडीच मिनिटांत लक्ष्य गाठायचं, मग डोंगरावरून उलटं खाली, बॉम्ब, आणि लगेच अंगावर येणारी उभी चढण. हे सगळं तालमींत इतक्यांदा घोटून घेतलं जातं की खऱ्या हल्ल्याच्या वेळी कोणत्या वळणावर जीव जाऊ शकतो ते प्रेक्षकाला वैमानिकाइतकंच माहीत असतं. त्याच जोसेफ कोसिन्स्कींच्या ‘एफ१’मध्ये (२०२५) हे काम समालोचकावर सोपवलं आहे. शर्यतीतलं काही न कळणाऱ्याला सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, पण दीड तासानंतरही तो गृहस्थ डोळ्यांसमोर दिसणारी गोष्टच सांगत राहतो. गाडीवर बसवलेल्या कॅमेऱ्यांची दृश्यं मात्र एक नंबर.

आता टॉम क्रूझ. ‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ (मे २०२५) म्हणजे दोन उत्तम प्रसंग आणि त्यांच्याभोवती बांधलेली दोन तासांची चर्चा. पहिला तास जुन्या भागांच्या तुकड्यांत आणि ‘जग संपणार आहे’ हे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत सांगण्यात जातो. अमेरिकेआधी जवळजवळ आठवडाभर सिनेमा आपल्याकडे लागला, त्याचा उत्साह या तासाने बराच उतरवला.

मग पाणबुडी येते. समुद्रतळावर बुडालेली ‘सेवास्तोपोल’, उतारावर लवंडू लागलेली. त्यासाठी फिरत्या सांगाड्यावर बसवलेला सेट मोठ्या टाकीत बुडवला गेला. आत शिरल्यावर भिंतीची जमीन होते, जमिनीचं छत होतं, अर्ध्या खोलीत पाणी आणि अर्ध्या खोलीत हवा, आणि टॉर्पेडो आपल्या जागा सोडून घरंगळायला लागतात. संवाद जवळजवळ नाहीतच. इतकी गुंतागुंतीची जागा असून एकदाही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येक वेळी आधी पाण्याची पातळी दिसते, मग माणूस. वर कुठलं आणि खाली कुठलं, ते पाणीच सांगतं.

दुसरा प्रसंग दोन जुन्या धर्तीच्या विमानांचा. एक लाल, एक पिवळं. रंग वेगळे ठेवण्याची ही साधी अक्कल अनेकांना सुचत नाही. क्रूझ पंखावर लोंबकळत असतो आणि वाऱ्याने त्याच्या गालांचं कातडं मागे ओढलं जाऊन चेहरा ओळखू येईनासा होतो. संगणकावर बनवलेल्या दृश्यात नट देखणाच राहतो, हा फरक लक्षात ठेवावा. पण इथेच संकलनाने माती खाल्ली आहे. विमान रंगात आलं की दृश्य तोडून बॉम्ब निकामी करणाऱ्या सहकाऱ्यांकडे, तिथून आणखी कुठेतरी. श्वास रोखायला लावायचं आणि मग श्वास सोडायला वेळ द्यायचा, असं तीन-चारदा होतं.

आधीचा भाग ‘डेड रेकनिंग’ (२०२३) एकसंध म्हणून जास्त चांगला आहे. त्यातली नॉर्वेच्या कड्यावरून मोटारसायकलसकट मारलेली उडी चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी, एकदा नाही तर सहादा घेतली गेली. गंमत अशी, की तिचा व्हिडिओ प्रदर्शनाच्या कितीतरी आधी इतका दाखवला गेला की थिएटरात ती बघताना धक्का बसतच नाही. खरी बाजी मारते ती शेवटची आगगाडी. तुटलेल्या पुलावरून एकेक डबा खाली जातो आणि प्रत्येक डब्याचं सामान वेगळं: एकात उकळतं तेल आणि भांडी, दुसऱ्यात डोक्यावर लोंबणारा पियानो. धोका तोच, पण दर डब्यात नवा. पंधरा मिनिटं कशी गेली कळत नाही ती यामुळे.

‘द फॉल गाय’ (२०२४) प्रेमकथा म्हणून ढिला आहे, पण स्टंटचं तंत्र कळून घ्यायचं असेल तर जरूर बघावा. गाडी उलटवताना तिच्या बुडाशी एक नळकांडं बसवलेलं असतं. दाबाखालच्या वायूने त्यातला दांडा जमिनीवर धाडकन आपटला की वेगात असलेली गाडी एका बाजूने उचलली जाऊन गडगडते. दांडा क्षणभर आधी सुटला तर वेग कमी पडतो, उशिरा सुटला तर दिशा चुकते. या सिनेमात गाडीने साडेआठ कोलांट्या मारल्या आणि गिनीज विक्रम झाला. आधीचा विक्रम २००६च्या ‘कॅसिनो रॉयल’मधल्या सात कोलांट्यांचा होता. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून उठू नका. खरी चित्रीकरणं तिथेच दाखवली आहेत आणि ती सिनेमाच्या मधल्या अर्ध्या तासापेक्षा सरस आहेत.

‘फ्युरिओसा’ (२०२४) चालला नाही, याचं वाईट वाटावं असा सिनेमा आहे. त्यातला टँकरवरचा हल्ला सुमारे पंधरा मिनिटांचा, आणि त्याच्या चित्रीकरणाला ७८ दिवस लागले. हल्ला बाजूने येतो, वरून छत्र्यांना लटकून येतो, आणि नायिका टँकरच्या पोटाखाली. तीन मजल्यांची लढाई, तरी नजर चुकत नाही. दिग्दर्शक जॉर्ज मिलरचं तंत्र त्याच्याच ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’पासून (२०१५) ठरलेलं आहे: महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध. कट कितीही जलद आला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. मात्र या वेळी संगणकाची कलाकुसर जास्त उघडी पडते, आणि ज्या चाळीस दिवसांच्या युद्धासाठी एवढी बांधाबांध केली ते निवेदनात गुंडाळून टाकलं आहे.

‘इंडियाना जोन्स ॲण्ड द डायल ऑफ डेस्टिनी’ (२०२३) मात्र निराशा. सुरुवातीचा १९४४चा आगगाडीचा प्रसंग रात्रीचा आणि काळोखा. संगणकाने तरुण केलेला हॅरिसन फोर्ड उजेडात टिकला नसता, असा संशय येतो.

‘छावा’वर (फेब्रुवारी २०२५) आपल्याकडे भावनेच्या भरात बरंच बोललं गेलं. ॲक्शन म्हणून बघायचं तर पूर्वार्ध स्लो मोशनने मारला आहे. तलवार उचलली की स्लो, घोडा उधळला की स्लो. सगळंच सावकाश झालं की कोणता घाव मोलाचा ते कळेनासं होतं. झाडीतून, पाण्यातून, चिखलातून उठणारे गनिमी काव्याचे हल्ले चांगले, कारण तिथे जागेचा उपयोग केलाय. संगमेश्वरचा वेढा तर सिनेमातला सगळ्यात सुबक भाग: मूठभर माणसं, अरुंद वाटा, चहूबाजूंनी फौज. पण रायाजी, अंताजी ही माणसं आधीच्या दोन तासांत नीट ओळखीची करून दिलेली नाहीत, त्यामुळे एकेक जण पडतो तेव्हा नक्की कोण पडला हे पटकन उमगत नाही. विकी कौशलच्या मेहनतीबद्दल दुमत नाही. तुलनेने किरकोळ खर्चातल्या मराठी ‘पावनखिंड’ला (२०२२) खिंडीनेच तारलं: वाट चिंचोळी, कुणी कुणाला अडवायचं ते स्पष्ट.

कुठे बघावं, हेही ठरवून घ्यावं. ‘फायनल रेकनिंग’ आणि ‘एफ१’ पुन्हा लागले तर आयमॅक्सचा जादा दर वसूल होतो. ‘जॉन विक’ आणि ‘किल’ला साधा, पण चांगल्या उजेडाचा पडदा पुरतो. थ्रीडी शक्यतो टाळा. चष्मा बराच उजेड खातो आणि रात्रीचे प्रसंग मातकट दिसतात. हलणाऱ्या खुर्च्यांचा प्रकार गाड्यांच्या शर्यतीला ठीक, हातघाईच्या लढाईत नुसता त्रास. साध्या पडद्यासाठी मागून तिसरी-चौथी रांग, मधली खुर्ची. पुढच्या रांगांत बसलात तर कडेची हालचाल सुटतेच. १६९ मिनिटांच्या सिनेमाला जाहिराती आणि मध्यंतर धरून साडेतीन तास पकडा, म्हणजे रात्रीच्या खेळाला जाण्याआधी शेवटची लोकल बघून ठेवावी. परदेशी सिनेमांत मध्यंतर आपल्याकडे कुठेही कापलेलं असतं, चालू पाठलागातसुद्धा, त्याला इलाज नाही.

घरी बघताना आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय. सापडली नाही तर सरळ ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावा. ती चालू राहिली तर कोट्यवधींचा स्टंट मालिकेच्या शूटिंगसारखा दिसतो. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे येत असतील तर आवाजाचा पर्याय ५.१वरून (तो अनेक स्पीकरांसाठी असतो) स्टिरिओवर आणा, साध्या टीव्हीच्या स्पीकरला तोच झेपतो. आणि ‘जॉन विक’ दुपारी लावणार असाल तर पडदे ओढून घ्या, निम्मा सिनेमा अंधारातच आहे.