जिल्हा न्यायालयातली मोफत वकील सेवा: माझा अनुभव

सासरच्या बागेतल्या 42 हापूस कलमांना मी 11 वर्षं पाणी घातलं. घटस्फोटाचं ठरलं तेव्हा पहिला वकील म्हणाला, "अर्धी बाग मिळवून देतो." 20 हजार आगाऊ घेतले आणि पुढे नुसत्या तारखा.

शेवटी शेजारच्या काकूंनी विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितलं. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला वकील मोफत मिळतो, 1987 च्या कायद्यातच आहे. मी अर्ज केला, वकील मिळाल्या.

बाईंनी सातबारा पाहिला आणि सरळ सांगितलं, "ताई, जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यात तुमचा हिस्सा निघणार नाही. नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी करायची, असा कायदा आपल्याकडे नाही." मी तिथेच रडले. पण वीस हजार घेऊन कुणी जे बोललं नव्हतं, ते त्या पहिल्याच दिवशी बोलल्या.

मग माझं काय ते लिहायला बसवलं. पाटल्या, शिलाई मशीन, आईने दिलेला तांब्याचा हंडा हे स्त्रीधन, त्यात वाटणीच नाही. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचं न्यायालय हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली ठरवू शकतं. चिपळूणची खोली दोघांच्या नावावर, पण हप्ते माझ्या शिवणकामातून गेलेले. त्यासाठी बँकेतून जुने उतारे काढायला लावले.

आणि बाग? नवऱ्याने लिहून दिलं होतं की आपल्याला काही उत्पन्न नाही. माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात वाशीच्या दलालाने दिलेल्या आंबाविक्रीच्या पट्ट्या (हिशोबाच्या पावत्या) होत्या, हंगामागून हंगाम: पेट्या किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात किती. सगळ्या त्याच्याच नावाच्या. बाईंनी एकेक पट्टी सरळ करून तारखेप्रमाणे लावली. त्याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगी ठरवताना नवऱ्याची कमाई पाहतात, म्हणाल्या. मध्यस्थीच्या बैठकीत तो गठ्ठा टेबलावर ठेवला, तेव्हा एकरकमी रकमेवर बोलणं सुरू झालं. खोलीवरचा हक्कही त्याने सोडला.

जाणाऱ्या बायकांनी दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नाचे फोटो जरूर न्या. माझ्या पाटल्यांची पावती सापडली नाही. हळदीच्या फोटोत आई त्या माझ्या हातात चढवत होती, तेवढ्यावर काम झालं.