मॉडेल ७०: चौसष्टच्या आधीची, नंतरची, की सरळ ३१५?

खानापूरच्या माझ्या भाच्याला वडिलांच्या मागे बंदुकीचा परवाना मिळाला आणि बघायला तीन रायफली आल्या. दोन अमेरिकन विंचेस्टर मॉडेल ७०, दोन्ही .३०-०६ या काडतुसाच्या, पैकी एक १९६४ च्या आधीची आणि एक नंतरची. तिसरी आपल्या आयुध कारखान्याची ३१५. "मामा, एकच घ्यायची आहे. कुठली घेऊ, सांगा की!"

शिकारी रायफल हे आता नुसतं नाव राहिलंय. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार संपत गेली. डुकरांनी ऊस लोळवला तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात नसताना बार काढायचा नाही. परदेशी बंदुकांची आयातही १९८० च्या दशकात बंद झाली. अमेरिकेत १९९२ साली जुन्या धाटणीची मॉडेल ७० परत आली, २००८ पासून आणखी नवी निघाली, पण आपल्याकडे हाताला लागते ती जुन्या घराच्या कपाटातून निघालेलीच.

मॉडेल ७० निघाली १९३६ साली, न्यू हेवनच्या कारखान्यात. १९६३ पर्यंतच्या रायफलीत बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत सारायला मागेपुढे ओढतात त्या दांड्याच्या, उजव्या अंगाला लांब पोलादी पट्टी असते, जर्मन माउजर रायफलीच्या पद्धतीची. मॅगझीनमधून काडतूस वर आलं की ही पट्टी त्याची कड धरते आणि पुन्हा बाहेर काढेपर्यंत सोडत नाही. रायफल वाकडी धरा, उलटी धरा, काडतूस सांडत नाही. पुढे मजुरी परवडेना, म्हणून १९६४ पासून कारखान्याने ही पट्टी काढली. नव्या बोल्टमध्ये काडतूस नुसतं पुढे ढकललं जातं आणि शेवटी छोटी आकडी त्याला पकडते. लाकडावरची हाताने कोरलेली जाळीही गेली, तिच्या जागी ठसा दाबलेली आली. अमेरिकेत त्यावर एवढा गहजब झाला की 'चौसष्टच्या आधीची' ही एक जातच होऊन बसली. किंमतही जातीप्रमाणेच सांगतात.

बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानात दोन्ही शेजारी ठेवून आम्ही डमी काडतूस घातलं. जुनीचा बोल्ट हळू ओढला तर काडतूस अलगद कलंडून तळहातावर येतं, जोरात ओढला तर लांब जाऊन पडतं. नवीत मात्र बोल्टच्या तोंडात स्प्रिंगचा खिळा आहे. कितीही हळू ओढा, काडतूस टुणकन उडतंच. भाच्याला जुनीच आवडली, आणि कुणालाही तीच आवडेल. फक्त तिच्या नळीत सुटं काडतूस टाकून बोल्ट दाबू नका, पट्टीचं टोक उडू शकतं. काडतूस नेहमी मॅगझीनमधूनच भरायचं.

पण चौसष्टनंतरची म्हणजे टाकाऊ, हे मला मान्य नाही. तिचा बोल्ट काडतुसाच्या बुडाला चारी बाजूंनी वेढतो, त्यामुळे काडतूस फुटलं तर उलट तीच जास्त सांभाळून घेते. तीन टप्प्यांचा सेफ्टी खटका दोन्हींत आहे. चापही दोन्हींत तोच, साधा आणि उघडा, घाण अडकली तरी साफ करायला सोपा. १९६४ ते ६७ च्या मालाचा बोल्ट पूर्ण मागे ओढला की डगडगतो आणि पुढे ढकलताना अडतो. १९६८ मध्ये त्यांनी ते दुरुस्त केलं आणि नंबराच्या आधी इंग्रजी जी अक्षर आलं. नंबर सात लाखांच्या खाली असेल तर जुनी, वर असेल तर नवी, आणि जी असेल तर दुरुस्त झालेली.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बघायला हवी, ती म्हणजे पाऊस. जुन्या स्टँडर्ड मॉडेलची नळी पुढच्या बाजूला लाकडाला स्क्रूने आवळलेली असते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात अक्रोडाचं लाकूडही पाणी पितं, फुगतं, नळीला रेटतं आणि उन्हाळ्यात लावलेला नेम श्रावणात सरकतो. चौसष्टनंतरच्या रायफलीत नळी आणि लाकूड यांत फट ठेवलेली आहे. दिसायला ती फट भिकार, पण आमच्या हवेला बरी.

नळीत बॅटरी मारून बघितलं तेव्हा निकाल लागलाच. जुनीच्या नळीतले पिळाचे आटे पहिल्या वीतभर खड्डे पडून खरबरीत झालेले. पूर्वीच्या लष्करी काडतुसांच्या टोपीतले क्षार, वर आमची दमट हवा, आणि बार काढल्यावर धुवायचा आळस. नवीची नळी आरशासारखी, आणि किंमत जवळजवळ निम्मी.

कुणी मॉडेल ७० ची .३०८ मधली फेदरवेट दाखवली तर हातही लावू नका. वजनाला हलकी, देखणी, १९५२ ची गाजलेली, पण तिच्यात लष्कराची ७.६२ ची काडतुसं बसतात, म्हणून आपल्या कायद्यात ती प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर चालत नाही. .२७० आणि .३७५ चालतात, पण काडतुसं शोधताना जीव जाईल.

३१५ बद्दल थोडक्यात सांगतो. ली-एनफिल्डच्या वळणाची, दणकट, पाच काडतुसांची. काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असल्याने भरताना वरच्याची कड खालच्याच्या पुढे हवी, नाहीतर अडकते. देखणेपणाला शून्य. पण काडतुसं मिळतात, सुटे भाग मिळतात, आणि निवडणूक लागली की ठाण्यात जमा करताना काळीज तुटत नाही. फक्त शेतासाठी हवी असेल तर मी हीच घेईन. नेमबाजीच्या रेंजवर जाणार असाल आणि .३०-०६ ची काडतुसं परवडत असतील तर स्वच्छ नळीची, नंबराआधी 'जी' असलेली, म्हणजे जीवाली. चौसष्टच्या आधीची घ्यायची तर नळी चांगली असेल तेव्हाच, नावासाठी नाही.

भाच्याने ती नवी, जीवालीच घेतली. पैसे मोजायच्या आधी आम्ही जुन्या मालकाच्या परवान्यावरचा नंबर रायफलीशी ताडून बघितला. सगळे आकडे बरोबर, फक्त जी गायब. कुठल्या तरी कारकुनाने कधीकाळी कानडीत उतरवून घेताना गाळलेला. ती दुरुस्ती मालकाकडूनच करून घेतली, त्यात सव्वा महिना गेला.