जादूच्या शाळेत एवढं रांधते कोण?

गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या धानगिरणीवर पाच पुस्तकं वाचून झाली. वाचली पोरीनं, ऐकली मी अन् माझ्या आईनं. हालर, म्हणजे धान भरडायचं यंत्र, चालू असला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून वाचन व्हायचं लाईन, म्हणजे वीज, गेल्यावर. अन् आमच्याकडे लाईन जायला काही तोटा नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या खाली, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. पोरगी नववीत, शाळेला एसटीनं जाते. तिला जादूची, जंगलाची, जीव मुठीत धरून पळायची पुस्तकं लागतात. पुस्तकं तिच्या वयाची, पण त्यांचा खरा हिशोब घेतला आईनं. ती सत्तरीपुढची. सहीपुरती अक्षरं येतात, पण कहाणीत कुठं खोट आहे ते तिला बरोबर समजते.

सुरुवात ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून. मूळ इंग्रजी 1997 चं, म्हणजे पोरीच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. मायबाप मेलेलं लेकरू मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपते, इथंच आई उठून बसली. ‘माय मरो अन् मावशी जगो’ म्हणणारी आपली माणसं, अन् ही मावशी पोराला तिच्या पोराचे जुने कपडे घालते! जादूगार, घुबडं, उडते झाडू हे सगळं तिनं निमूट ऐकलं, पण त्या मावशीला मात्र पुस्तक संपेपर्यंत माफ केलं नाही.

मराठी नावाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. परीस हा शब्द देखणा आहे यात वाद नाही. पण आपला परीस लोखंडाला लागला की सोनं करते, तेवढंच त्याचं काम. त्या पुस्तकातला दगड सोनंही करतो अन् त्याच्यापासून माणसाला मरू न देणारं औषधही निघते. म्हणजे परीस अन् अमृत एकाच खड्यात. पुस्तकातल्या खलनायकाला हवं असते ते अमृत, सोन्याचं त्याला काही पडलेलं नाही. नाव वाचून पोरगी अर्धं पुस्तक सोन्याच्याच मागे राहिली. उलट, जादूच्या शाळेची गाडी ज्या फलाटावरून सुटते त्याचा आकडा आपल्याला किती सोपा! नऊ पूर्णांक तीन चतुर्थांश म्हणत बसायचं कामच नाही, पावणेदहा म्हटलं की झालं. आईला फलाट लगेच कळला. वडशाच्या स्टेशनावर तिनं तो शोधला नाही, एवढंच.

घोडं अडलं जेवणावर. शाळेचा पहिला दिवस, लांबच लांब चार टेबलं, सोन्याच्या रिकाम्या ताटल्या अन् एका क्षणात त्या आपोआप भरतात. पोरगी रंगात येऊन वाचत होती. आई म्हणाली, “थे सगळं खरं, पण एवढं रांधते कोण?”

पोरगी म्हणाली, “आजी, जादू आहे ना थे.”

“जादू झाली म्हणून काय झालं? तांदूळ कोठून आला?”

मी गिरणीवाला माणूस. 100 किलो धान हालरमध्ये टाकलं की तांदूळ 60-65 किलो निघतो, बाकी भुसा, कोंडा अन् कणी. त्या 60 किलोच्या मागे नांगरणी, रोवणी, निंदण, कापणी, चुरणी अन् शेवटी माझ्याकडे रांग. आईचा प्रश्न मला चिल्लर वाटला नाही. पण पहिल्या पुस्तकात त्याला उत्तर नाही, अन् मला वाटलं लेखिकेनं विषय टाळला.

मग चौथा भाग मागवला, अन् तिथं माझी तक्रार आहे. ऑनलाइन मागवताना पानावर मराठी असं स्पष्ट लिहिलेलं. पाकीट फोडलं तर आत ‘हैरी पॉटर और आग का प्याला’. परत करायला गेलो तर उत्तर आलं, तुमच्या पिनकोडवर माल उचलायची सोय नाही, तुम्हीच पाठवा. पाठवायचा खर्च मीच करायचा, वर पवनीला जायचा अर्धा दिवस, अन् तोही हंगामात. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण मागवणाऱ्यानं पुस्तकाच्या कव्हराचा फोटो मोठा करून भाषा बघूनच पैसे भरावे. आम्ही हिंदीच वाचलं. विदर्भात हिंदीनं कुणाचं अडत नाही.

अन् बरं झालं वाचलं. कारण आईचं उत्तर त्यातच होतं. त्या मोठ्या जेवणघराच्या बरोबर खाली रसोई आहे. तिथं वरच्यासारखीच चार टेबलं मांडलेली. खाली शंभराच्या वर ठेंगणे, मोठ्या कानांचे नोकर राबतात, ताटं त्या टेबलांवर वाढतात अन् जेवण छतातून वर जाते. त्यांना पगार नाही, सुट्टी नाही. हॅरीची हुशार मैत्रीण हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते, बिल्ले विकते, अन् सगळे तिच्यावर हसतात. आई हसली नाही. म्हणाली, “मी म्हणतच होती.” पोरीनं पुढचे भाग शाळेतल्या मैत्रिणीकडून आणून वाचले. ती सांगते, 2007 च्या शेवटच्या भागात तर नियमच सांगितला आहे, जादूनं शून्यातून अन्न तयार होत नाही. असलेलं वाढवता येते, दुरून बोलावता येते, बस. त्या भागात हॅरी अन् त्याचे दोघे दोस्त रानात तंबू टाकून उपाशी भांडतात. दहा वर्षं लागली, पण बाईनं उत्तर दिलं. माझ्याकडून या मालिकेला पाचापैकी साडेचार. अर्धा कमी मधल्या जाडजूड भागांच्या फुगवट्यासाठी.

‘द हंगर गेम्स’ हे 2008 चं, इंग्रजीतून. माझं इंग्रजी बैलगाडीच्या चालीनं, म्हणून पोरगी वाचून मराठीत सांगत गेली. एका कल्पित देशाची राजधानी दर वर्षी 24 पोरांना एकमेकांना मारायला मैदानात सोडते, चिठ्ठ्या काढून. बारा ते अठरा वयाच्या प्रत्येकाची चिठ्ठी. पण मला धरून ठेवलं ते रेशनानं. घरात खायला नसेल तर पोरानं आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकायची, बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं धान्य अन् तेल, तेही तुटपुंजं. नायिका कॅटनिस बाराव्या वर्षापासून स्वतःसाठी, आईसाठी अन् बहिणीसाठी तीन जास्तीच्या टाकते. हक्काची एक धरून दरसाल चार, अन् जुन्या चिठ्ठ्या बाहेर निघत नाहीत. सोळाव्या वर्षी झाल्या वीस. मी पेन्सिलीनं पोत्यावर हिशोब केला, बरोबर आला. तिच्या मित्राच्या बेचाळीस. आपल्याकडे रेशनात महिन्याला माणशी 5 किलो मिळते, ते घ्यायला अंगठा लागतो. तिथं मान द्यावी लागते. आईनं विचारलं, “तेल किती?” पुस्तकात माप नाही.

हे लिहिणाऱ्या बाईला भूक माहीत आहे, एवढं मी खात्रीनं म्हणेन. कॅटनिस कंद खणते, फासे लावते, कुंपणाखालून चोरून रानात जाते. आमच्याकडे मोहफुलं वेचणाऱ्या बाया याला कादंबरी म्हणणार नाहीत. उत्तरार्धात गुहेतलं प्रेमप्रकरण मला लांबलं. पोरगी म्हणते तेच तर चांगलं आहे. राहू द्या.

‘जंगल बुक’ घेतलं ते वैनगंगेसाठी. किपलिंगचं 1894 चं हे इंग्रजी पुस्तक, अन् त्यातला वाघ शेरखान राहतो तो आमच्याच नदीच्या वरच्या अंगाला, सिवनीकडे. वाघाला मारायची युक्ती मात्र मला शंभर टक्के पटली. मोगली म्हशींचा कळप दोन भागांत फोडतो. हल्ये, म्हणजे रेडे, नाल्याच्या वरच्या तोंडाला नेतो, म्हशी अन् वगारं खालच्या तोंडाला, मधे नाल्यात जेवून सुस्त पडलेला वाघ. मी लहानपणी म्हशी चारल्या आहेत. उधळलेला हल्या समोर काय आहे ते पाहत नाही. दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची झुंड येते, तेव्हा हा पोरगा अंगाला रानलसूण चोळून मधमाश्यांच्या कड्यावरून नदीत उडी मारतो अन् माश्या मागच्या कुत्र्यांवर सुटतात. आमच्याकडे आग्या मोहोळ काढायला धूर करतात, लसणाचं कुणी ऐकलं नव्हतं. करून बघायची माझी छाती नाही.

राग एकाच गोष्टीचा. त्या पुस्तकात जनावरांना कायदा आहे, अक्कल आहे, अन् गावातली माणसं तेवढी भित्री, लोभी अन् भुताखेतांची. झाडाखाली फेकाफेकी करणारा शिकारी आमच्याही गावात आहे, पण त्याच्या शेजारी बसून हसणारे शहाणेही असतात. ते किपलिंगला दिसले नाहीत.

शेवटचं ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाचं, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला अन् सायकलवरचा फास्टर फेणेही त्यांचाच, म्हणून मला या माणसाबद्दल लहानपणापासून आदर. पण व्हर्नसाहेबांची गाडी 1872 मध्ये खानदेशातून जाते तेव्हा इंजिनाचा धूर कापसावर, कॉफीवर, जायफळावर, लवंगेवर अन् मिरीवर पसरतो! कापूस ठीक. आई म्हणाली, “लवंग खानदेशात पिकते तर आपण एवढी महाग काहून घेतो?” पुढे बुऱ्हाणपूरच्या स्टेशनावर नायकाचा नोकर खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेऊन ऐटीत पायात घालतो. हे मात्र झकास. धारणीकडची माणसं बाजाराला बुऱ्हाणपूरला जातात, त्यांनी वाचलं पाहिजे. अन् पुढे रूळ संपले म्हणून हत्तीवर बसावं लागते तेही खोटं, जबलपूरवरून गाडी 1870 मध्येच जोडली होती. पण हत्ती नसता तर गोष्ट कुठली?

मराठीतला चौथा भाग अजून मिळालेला नाही. हिंदी ‘प्याला’ गिरणीवर वजनकाट्याशेजारी पडलेला असतो. धान घेऊन आलेल्यांची पोरं नंबर येईपर्यंत चाळतात. पानांत कोंडा शिरला आहे, उघडलं की आधी फुंकर मारावी लागते.