पायथन २ वरून ३: दोन्ही सांभाळत जायचं की तारीख ठरवून एकदम?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ ची शेवटची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली. तरी माझ्या पाहण्यात सोलापुरात अजून बरंच काही त्यावरच चालतं: चादरी-टॉवेलचा साठा, बिलं, कामगारांची हजेरी. बहुतेक ठिकाणी असंच झालेलं असतं की कुणीतरी एखादा ओपन सोर्स प्रकल्प घेतला, इथल्या धंद्याला लागतील तसे बदल त्यात करत गेला आणि कोड वाढत वाढत एवढा झाला की हात लावायची भीती वाटावी. आता डेबियन १२ या लिनक्समध्ये पायथन २ मिळत नाही, लायब्रऱ्या बसवणाऱ्या 'पिप'नेही २०२१ मध्येच त्याची साथ सोडली. त्यामुळे हलायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. कसं हलायचं, एवढंच ठरवायचं आहे.

रस्ते दोन आहेत. पहिल्यात दोन्ही आवृत्त्यांतले फरक झाकणाऱ्या 'सिक्स' लायब्ररीच्या आधाराने एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा करत न्यायचा आणि सगळं बसलं की २.७ बंद करायचं. दुसऱ्यात तारीख ठरवायची, काही काळ नवी कामं थांबवायची, 'टू-टू-थ्री' या आपोआप बदल करणाऱ्या साधनाने कोड बदलून घ्यायचा, उरलेलं हाताने करायचं आणि त्या तारखेपासून फक्त ३. मी दोन्हींवर काम केलं आहे.

दुहेरी रस्ता मोठमोठ्यांनी घेतलेला आहे, हे आधी मान्य करायला हवं. वेबसाइटी बांधायच्या जँगो या फ्रेमवर्कने फेब्रुवारी २०१३ च्या १.५ मध्ये पायथन ३ ला प्रायोगिक पाठिंबा दिला आणि २ ची साथ सोडली ती थेट डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये. त्यांना ते भागच होतं, कारण त्यांचे वापरणारे दोन्हीकडे होते. इन्स्टाग्रामनेही वेगळी शाखा (कोडची स्वतंत्र प्रत) न काढता मुख्य कोडवरच हे काम केलं. रोजचं काम थांबत नाही आणि बदल थोडे थोडे आत जातात, हा फायदा खरा आहे. वेगळी शाखा फार दिवस ठेवली की मूळ प्रकल्पातली प्रत्येक दुरुस्ती आणताना कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकमेकांवर आदळणारे बदल, सोडवत बसावं लागतं, ते निराळंच.

माझ्यापुरता निकाल मात्र लागला तो माणसांच्या नावांवर.

सोलापुरातल्या कुठल्याही पेढीची ग्राहकयादी उघडा. मराठी, कन्नड, तेलुगू अशी तिन्ही नावं शेजारी शेजारी असतात आणि ज्याची त्याची लिपी ठेवावी असा आग्रहही असतो, तो मला योग्यच वाटतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत या तिन्ही लिप्यांतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि त्यातला पहिला बाइट २२४. आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरांची जुनी पद्धत, १२७ वर संपते. पायथन २ ची साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) म्हणजे नुसते बाइट, म्हणून तिथे 'सोलापूर'ची लांबी २१ येते, ३ मध्ये ७. वीसवर कापणारा जुना रकाना असला की 'सोलापूर'मधला 'र' अर्धवट तुटतो.

दुहेरी कोडमध्ये फाइलच्या डोक्यावर 'युनिकोड लिटरल्स'ची ओळ घालतात. त्यामुळे तुम्ही लिहिलेल्या स्ट्रिंग युनिकोड, म्हणजे बाइट नव्हे तर अक्षरं, होतात, पण फाइलमधून आलेला डेटा २.७ मध्ये बाइटच राहतो. ही दोन्ही जोडताना २.७ गुपचूप आस्की धरून चालतं. नाव इंग्रजीत असेल तर काहीच होत नाही. मूळ प्रकल्पाच्या टेस्टमधली (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्यांमधली) नावं सगळी इंग्रजी, म्हणून दोन्ही आवृत्त्यांवर हिरवंगार, म्हणजे सगळ्या पास. मग एखाद्या दुपारी सिद्धेश्वर नावाच्या ग्राहकाचं बिल निघतं आणि २.७ कोसळतं. कोसळतं तेही चूक जिथे आहे तिथे नाही, चार फाइली पलीकडे, जिथे ते दोन तुकडे पहिल्यांदा भेटतात. तिथे एन्कोड करून, म्हणजे मजकुराचे बाइट करून, २.७ शांत केलं की ३ बिघडतं, कारण सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइलींच्या मॉड्यूलला २.७ मध्ये बाइट लागतात आणि ३ मध्ये टेक्स्ट. म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्याच्या प्रत्येक जागी आवृत्ती विचारणारं एक 'इफ'. आणि हा सगळा जीव कशासाठी आटवायचा, तर जी आवृत्ती आपण टाकूनच देणार आहोत तिच्यासाठी. मला ते पटेना.

एकदम ३ वर गेलात की बाइट आणि स्ट्रिंग जोडताना तिथल्या तिथे टाइप-एरर येतो, नाव इंग्रजी असलं तरी. म्हणजे त्याच इंग्रजी टेस्ट आता तेलुगू नावांचीही राखण करू लागतात. एक फट राहते: बाइट आणि स्ट्रिंगची तुलना केली तर ३ काही न बोलता 'फॉल्स' देतं. त्यासाठी टेस्ट चालवताना 'डॅश बीबी' हा पर्याय द्यावा, मग तिथेही एरर येतो.

या रस्त्याची किंमतही आहे. काम थांबवायला मालक सहज तयार होत नाहीत. दिवाळीत माल, जानेवारीत गड्ड्याची यात्रा, मार्चअखेर हिशेब. मला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सोयीचा वाटतो. कुणी तुमच्या सॉफ्टवेअरवर प्लगइन (त्याला जोडायचे छोटे भाग) लिहिली असतील तर त्यांना बरंच आधी कळवा. ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर कॅलिबर सप्टेंबर २०२० मध्ये ५.० ला पायथन ३ वर गेलं, तेव्हा जुनी प्लगइन बदलून घेतल्याशिवाय चालेनात.

पूर्णांकांचा भागाकार आणि राउंड, या दोन गोष्टी कुठलाही रस्ता घेतला तरी स्वतः बघाव्या लागतात. साडेबाराचं राउंड २.७ मध्ये १३ येतं, ३ मध्ये १२. बिलात हे चालणार नाही. डेसिमल हे दशांश हिशेबाचं मॉड्यूल वापरून स्वतःचं फंक्शन आधीच लिहून ठेवा.

तुमचा कोड म्हणजे इतरांनी वापरायची लायब्ररी असेल, किंवा एक दिवसही थांबणं शक्य नसेल, तर दुहेरीच घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी, माझ्या अल्प अनुभवावरून, तारीख ठरवावी. त्याआधी २.७ वर असतानाच फाइल उघडण्याच्या जागा 'आयओ ओपन' या फंक्शनवर आणाव्यात, एन्कोडिंग स्पष्ट लिहावं आणि टेस्टमध्ये तिन्ही लिप्यांतली नावं घालावीत. एवढी तयारी झाली की शेवटची उडी बरीच लहान होते.

जाताना थेट सर्वांत नव्या आवृत्तीवर जाऊ नका. ३.१२ मधून पॅकेज बांधायचं 'डिस्ट-युटिल्स' काढलं आहे आणि ३.१३ मधून खुद्द 'टू-टू-थ्री'. ३.११ मध्ये दोन्ही आहेत आणि तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतील. आधी तिथे स्थिर व्हा, एक मार्चअखेर नीट पार पडू द्या, मग पुढचं बघा.