जळगावात नूडल्स खायच्या असतील तर आधी कढईकडे बघा

महिनाभर दर शनिवारी मुलीला क्लासवरून आणताना आम्ही दोघींनी चायनीजच्या सहा गाड्या पालथ्या घातल्या. बहिणाबाई उद्यानाजवळून सुरुवात केली, पण मन जडलं ते रिंग रोडकडच्या एका छोट्या गाडीवर.

तिथला दादा एका वेळी एकच प्लेट करतो. कढईतून धूर निघेपर्यंत थांबतो, मग तेल, ठेचलेला लसूण, पत्ताकोबी, शिमला मिरची. भाजी करकरीत असतानाच उकडून तेल लावून मोकळ्या ठेवलेल्या नूडल्स टाकतो. सॉस वरून ओतत नाही, तापलेल्या कढईच्या कडेने सोडतो. तो चर्रकन जळतो आणि तोच खमंग वास शेवटच्या घासापर्यंत टिकतो. प्लेटच्या तळाशी तेलाचं तळं नाही, एकेक नूडल सुटी. शेजवान चटणीत लसूण भरपूर, तिखटही आपल्या खान्देशी जिभेला पटेल असं.

दुसऱ्या एका गर्दीच्या गाडीवर मात्र चार प्लेटा एकदम कढईत. कढई थंड पडली, कोबीला पाणी सुटलं, लगदा झाला. सांगितलं तर त्यानं वर आणखी सॉस ओतला. लाल रंगानं मुलीची बोटं सकाळपर्यंत रंगलेली होती. तिथे पुन्हा जाणार नाही.

बाकीच्या चार ठीक. दादाकडे हाफ प्लेटमध्ये एकाचं पोट भरतं. साडेआठच्या आत जा, नंतर अर्धा तास उभं राहावं लागतं. आम्ही राहतो.